आबांनी न केलेली सही

आमच्या दोन खोल्यांच्या घरात आबांची बारा बोअरची दुनाळी बंदूक तीन ठिकाणी राहायची. नळ्या लोखंडी कपाटात, लाकडी दस्ता पलंगाखालच्या ट्रंकेत, आणि काडतुसं एका पत्र्याच्या पेटीत. पेटीला कुलूप, आणि त्या कुलपाची चावी आईच्या कमरेला. परवाना आबांच्या नावाचा होता, बंदूक त्यांनी सैन्यातून निवृत्त झाल्यावर स्वतः विकत घेतलेली होती, तरी आईकडे मागितल्याशिवाय माझ्या वडिलांना एक काडतूस मिळत नसे. हा नियम सरकारने घातलेला नव्हता. आबांनी तो आपणहून स्वतःवर घालून घेतला होता, आणि लहानपणी मला त्याची भारी लाज वाटायची. मैत्रिणींचे वडील बायकोकडे चहा मागायचे, माझे वडील काडतुसं मागायचे.

साक्रीकडचं आमचं गाव सोडून आबा आम्हाला सिल्वासाला घेऊन आले ते नोकरीसाठी. नरोली रस्त्याच्या एका धाग्याच्या कंपनीत ते गेटवर गनमन होते. सकाळी कडक इस्त्रीचा गणवेश घालायचे, मिशीवरून बोट फिरवायचे आणि चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, येऊन म्हणायचे, "चाबी दे वं." आई पोळी लाटता लाटता मान वर करायची, त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची, कधी विचारायची, "झोप झाली का बरोबर?" मग चावी द्यायची. यात रोज दोन मिनिटं जायची आणि मला शाळेला उशीर व्हायचा, कारण डबा आईच्या हातात अडकलेला असायचा. मी चिडून म्हणायची, "आबा, बंदूक तुमची आहे ना? मग विचारता कशाला?"

त्यांनी एकदाच नीट उत्तर दिलं. "आपला चेहरा आपल्याला दिसत नाही बेटा. दुसऱ्यानं बघावा लागतो."

मी दहावीत असताना एका सकाळी आईने चावी दिली नाही. आदल्या दिवशी गावाहून फोन आला होता की आबांच्या चुलतभावाने शेताचा बांध दोन हात आत सरकवला. आबा रात्रभर कूस बदलत होते. सकाळी म्हणाले, "ड्युटी करून तसाच गावाला जातो."

"बंदूक लेईसन?" आईने विचारलं. ती चिडली किंवा घाबरली की तिच्या तोंडी सरळ अहिराणीच यायची. बंदूक घेऊन का, असं ती विचारत होती.

आबा बुटाची नाडी आवळत राहिले.

"मग आज चाबी भेटाव नही," ती म्हणाली आणि पुन्हा पोळी लाटायला लागली.

आबा असे काही ओरडले की शेजारच्या गुजराती काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. सहा फुटांचा माणूस, सैन्यातला हवालदार, आणि समोर पाच फुटांची आई लाटणं घेऊन. चावी ओढून घ्यायला त्यांना एक क्षण पुरला असता. त्यांनी हात पुढे केला नाही. कंपनीत तब्येत बरी नसल्याचा निरोप पाठवला आणि दिवसभर ओट्यावर बसून जुन्या बुटांना पॉलिश करत राहिले, एकेक बूट चार चार वेळा. तिसऱ्या दिवशी ते गावाला गेले, पण रिकाम्या हाताने. तिथे भांडण झालं, आईबहिणीवरून शिव्या झाल्या, शेवटी मोजणीवाले येऊन बांध होता तिथे आला. आज ते दोघे चुलतभाऊ लग्नात शेजारी बसून एका चुन्याच्या डबीतून तंबाखू मळतात. हे मी पाहिलेलं आहे.

सरकारचे नियमही आबा असेच पाळायचे, जणू ते त्यांनीच लिहिलेत. निवडणूक लागली की परवानाधारकांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. बाकीचे गनमन शेवटच्या दिवसापर्यंत रेंगाळायचे, आबा पहिल्याच दिवशी सकाळी हजर. पावती घडी करून सैन्याच्या कागदांच्या फाइलीत ठेवायचे. मग निकाल लागेपर्यंत गेटवर लाठी घेऊन उभे राहायचे, पगारही लाठीवाल्याचा मिळायचा. मला संताप यायचा. आयुष्यात ज्याने ड्युटीवर एक बार काढला नाही, त्याचीच बंदूक का काढून घेता? गुंडाची काढा की! आबा म्हणायचे, "कोण गुंड, ते कपाळावर लिहिलेलं नसतं. सगळ्यांची घेतली तरच गुंडाची घेता येते." मी तेव्हा तेवढ्यावर गप्प बसणारी नव्हते. अजूनही नाही, पण हे मला आता पटलं आहे.

आई गेल्यावर आबांनी ती चावी कोणाला दिली असेल? मला वाटलं मला देतील. मी थोरली, सरकारी मराठी शाळेत शिक्षिका, टोकरखाड्याला माझं स्वतःचं घर. नाहीतर धाकट्या भावाला, तो त्यांच्यासोबत राहतो. आबांनी चावी सुनेला दिली. आमची भावजय तेव्हा लग्न होऊन नुकती आलेली, नंदुरबारकडची, बोलायला अगदी कमी. ती चावी साडीच्या टोकाला बांधून वावरायची आणि साठी उलटलेला सासरा रोज सकाळी तिला म्हणायचा, "बेटा, चाबी दे." ती पदर सावरून आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. हे बघायचं तिला कोणी शिकवलं, मला माहीत नाही. आबांनीच शिकवलं असणार.

आता भावाबद्दल. माझा भाऊ रांध्याकडच्या एका कारखान्यात सुरक्षारक्षक आहे, लाठीवाला. मनाने चांगला आहे, असं आम्ही सगळे म्हणतो. आमच्या माणसांत हे ज्याच्याबद्दल म्हणतात तो तापट असतोच असतो. शांत माणसाबद्दल कोणाला असं मुद्दाम सांगावं लागत नाही. भाऊ रस्त्यात पडलेल्या अनोळखी माणसाला उचलून दवाखान्यात नेईल, आणि घरी येऊन भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिंतीवर मारील. अर्ध्या तासाने तोच भिंत पुसायला बसेल. भावजय त्याच्यासोबत पुसायची. आम्ही म्हणायचो, चालायचंच.

आबा सत्तर वर्षांचे झाले आणि त्यांनी ड्युटी सोडली. एवढी वर्षं बाळगलेली बंदूक वारसाच्या नावाने करता येते, असा नियम आहे. भावाच्या एजन्सीने त्याला सांगितलं की परवाना आण, लगेच गनमन करतो. गनमन म्हणजे जास्त पगार, खुर्ची आणि मान. भावाने अर्ज टाकला. त्याला वैद्यकीय दाखला मिळाला, प्रशिक्षणाचा दाखला मिळाला, त्यात कुठे खोट नव्हती. आता आबांचं संमतिपत्र हवं होतं, आणि दुसरी वारस म्हणून माझं ना-हरकत पत्र.

ना-हरकत पत्राला दोन ओळी पुरतात. पण मी शिक्षिका! मी त्यात कोणी न मागितलेली तिसरी ओळ घातली: माझा भाऊ शांत व संयमी स्वभावाचा आहे. अक्षर माझं वळणदार, खाली शाळेचं नाव, हुद्दा आणि सही. शाळेच्या दाखल्यांवर "वर्तन चांगले" लिहून लिहून हाताला वळण पडलेलं असतं, पोरगं कितीही वांड असलं तरी. भाऊ खूश झाला, माझ्या पाया पडला. भावजयीने चहा आणून ठेवला आणि विचारलं, "ताई, दिलं का लिहून?"

"दिलं."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. मी बिस्कीट चहात बुडवून खाल्लं.

मग चौकशीला पोलीस आला. मध्यमवयीन, गुजराती बोलणारा, वहीत सगळं नीट टिपून घेणारा. चाळीतली चार घरं त्याने विचारली. "भाई केवा छे?" म्हणजे माणूस कसा आहे. चारही घरं आमच्याकडचीच, धुळे-नंदुरबारची. सगळे म्हणाले, सोन्यासारखा माणूस. ते खोटारडे नव्हते. परमुलखात आपल्या माणसाच्या पोटाआड कोण येईल? त्यांनी माझ्यासारखीच माया केली. शेवटी तो आमच्या घरी आला, खुर्चीवर बसला आणि दाराशी उभ्या भावजयीकडे बघून हिंदीत म्हणाला, "भाभी, आप बताइए. घर में कैसे रहते हैं?"

मी तिथेच होते. भावजयीने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "एकदम अच्छे." शेजारचे काका म्हणाले, "झगडा-बिगडा कुछ नहीं." भाऊ हसला. पोलिसाने आणखी थोडा वेळ तिच्याकडेच बघितलं, ती पदराची चावी चाचपत राहिली, मग त्याने वही मिटली. त्याने प्रश्न बरोबर माणसाला विचारला होता. उत्तर आम्ही देऊन टाकलं.

आबा हे सगळं कोपऱ्यातल्या पलंगावरून बघत होते. त्यांची सही अजून व्हायची होती. त्या रविवारी आम्ही सगळे एकत्र जेवायला बसलो होतो तेव्हा त्यांनी भावाला सहज विचारावं तसं विचारलं, "लायसन तुझ्या नावावर झालं म्हणजे काडतुसं कोणाजवळ ठेवशील?"

"माझ्याजवळच," भाऊ म्हणाला. "मी काय ड्युटीवर जाताना बायकोला विचारत बसू का, आबा? लोक हसतील." आणि तो हसला. मीही हसले, कारण लहानपणी मीही हेच म्हटलं होतं.

आबांनी ताटातला भात संपवला, हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात उभे. म्हणाले, "शाळेतून अर्धा दिवस रजा घे. कचेरीत जायचंय." मी स्कूटर काढली. आमलीचा भाग मागे पडला. मागून आबा म्हणाले, "तू त्या कागदावर लिहिलंस ते खरं आहे का?"

"आबा, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. पोरगी शाळेत जायला लागली त्याची..."

"मी नोकरीचं नाही विचारलं."

मी स्कूटर बाजूला घेऊन थांबवली. मागे वळून त्यांच्याशी भांडले, भर रस्त्यात. बापाने पोराच्या ताटात माती कालवायची का? तो काय खुनी आहे का? आबांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "खुनी नाही. म्हणून तर. खुन्याला कोण अडवणार? मी त्याला खुनी होण्यापासून अडवतोय."

परवान्याचं काम बघणाऱ्या बाई कोकणातल्या होत्या, बदली होऊन आलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. आबांना बघताच त्यांनी उभं राहून नमस्कार केला. नूतनीकरणाला आबा यायचे तेव्हा त्यांचे कागद कधी परत करावे लागले नव्हते, हे त्या मला सांगायला लागल्या. आबांनी मध्येच थांबवलं. "मॅडम, मला संमती द्यायची नाही. आणि माझी बंदूकही आता जमा करायची आहे, कायमची."

बाईंनी चष्मा काढला. "आजोबा, एकदा परवाना सोडलात तर परत मिळायचा नाही, बरं का. विचार केलात ना? मुलगा रागावेल."

"रागावेल. त्याचा राग मला ठाऊक आहे."

बाईंना तेवढं पुरलं. त्यांनी कसलेही प्रश्न विचारले नाहीत, भाषण दिलं नाही. फाइल काढली, माझं ना-हरकत पत्र उलगडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. तिसऱ्या ओळीवर त्यांचं बोट होतं. "हे तुमचंच ना, मॅडम? तुम्ही शिक्षिका आहात म्हणून आम्ही हे वाचतो. एरवी असल्या ओळी कोण वाचतंय?"

माझ्या उभ्या आयुष्यात कोणी मला असं वर्गाबाहेर उभं केलं नव्हतं. मला त्या बाईंचा राग आला, आबांचा आला, आणि मग कळलं की हा राग लाजेचा आहे. मी कोरा कागद मागितला. माझं पत्र मागे घेत आहे, भावाच्या स्वभावाबद्दल मी जे लिहिलं ते खरं नाही, असं लिहिलं. अक्षर वळणदार आलं नाही. शेजारी आबा आपलं लिहीत होते, एकेक अक्षर दाबून. बाईंनी दोन्ही कागदांवर शिक्का मारला आणि शिपायाला आबांसाठी पाणी आणायला सांगितलं. इतक्या शांतपणे काम करणारी माणसं या जगात आहेत म्हणून आपण घरात झोपतो, असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

बंदूक जमा झाली. भावाने आबांशी बोलणं टाकलं. एकाच घरात, एकाच छताखाली, तो पोरीला सांगायचा, "आजोबांना म्हण, सरका." समाजात बोभाटा झाला की बापाने पोराच्या पोटावर पाय दिला. माझ्याकडे भाऊबीजेला तो आला नाही. आबांना कोणी विचारलं तर ते एवढंच म्हणायचे, "माझी बंदूक होती, मी दिली." सुनेचं नाव त्यांनी एकदाही मध्ये आणलं नाही. मला हे जमलं नसतं. मी दहा जणांना कारण सांगत फिरले असते.

मला मात्र शंका छळायची. शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी म्हणाले, "बाई, ज्याला मारायचंय तो उत्तरेकडून गावठी कट्टा आणतो. तुमचे नियम साध्या माणसाला." मी त्यावर तावातावाने बोलले खरी. म्हटलं, माझा भाऊ कट्टा आणायला कुठे जाणार? त्याला तिकीट काढावं लागेल, गाडीत बसावं लागेल, कोणाला तरी विचारावं लागेल, आणि वापीला पोचायच्या आत त्याचा राग उतरलेला असेल. त्याचा राग पाव तासाचा. त्या पाव तासात हाताशी काय आहे, एवढाच प्रश्न आहे. सहकारी म्हणाले, "आणि काही घडलंच नसतं तर?" भावाचा गनमनचा जास्तीचा पगार तर बुडलाच होता.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी भावजय पोरीचा हात धरून रिक्षातून माझ्या दारात उतरली. पायात चप्पल नव्हती. केसांत पांढरा चुरा होता, मला आधी पीठ वाटलं. तो भिंतीच्या प्लास्टरचा होता. मी तिला बसवलं, पाणी दिलं. एजन्सीने भावाची सलग तिसरी रात्रपाळी लावली होती, तो फोनवर भांडून घरात आला होता, आणि तिने विचारलं होतं, जेवायला वाढू का. टेबलावर इस्त्री होती. ती त्याने फेकली. तिच्या कानापासून वीतभर अंतरावर भिंतीला खड्डा पडला होता.

मी आबांना फोन केला. ते पिठाच्या गिरणीतून तसेच आले, दळणाची पिशवी हातात. सुनेजवळ खाली जमिनीवर बसले आणि पोरीच्या केसांवरून हात फिरवत राहिले. संध्याकाळी भाऊ आला. उंबऱ्याबाहेरच थांबला. चेहरा पांढराफटक. मी त्याला आत ये म्हटलं नाही.

"हाताला जे आलं ते फेकलं, ताई," तो म्हणाला. मग कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा वडिलांकडे बघून म्हणाला, "आबा, ती बंदूक घरात असती तर..."

"नव्हती," आबा म्हणाले. "मला काही सांगू नको. हिच्याशी बोल. ही म्हणेल ते होईल."

या वेळी मी तोंड उघडलं नाही. भावजयीने पोरीला जवळ ओढलं. मग ती भावाकडे न बघता म्हणाली, "मी इथंच राहते. किती दिवस, ते मी ठरवीन. पोरीचं दप्तर तेवढं आणून द्या. निळं. उद्या तिची परीक्षा आहे."

भाऊ मान खाली घालून दप्तर आणायला गेला. आबा म्हणाले, "लेकरू भुकेलं असेल, काहीतरी टाक." मी स्वयंपाकघरात गेले, तांदूळ धुवायला घेतले आणि ओट्याला धरून रडायला लागले. बाहेरून भावजयीचा आवाज येत होता. ती पोरीला बेरजा विचारत होती. आबांनी सही केली असती आणि माझी ती ओळ फाइलीत तशीच राहिली असती, तर या घरात आज तो आवाज नसता.